ताट उचलायच्या आधी

१

विमानतळाबाहेर पडल्यावर तिघांनी सवयीने टॅक्सीवाल्यांकडे पाठ फिरवली. जग फिरून झालं तरी खिसा होता तसाच होता, उलट त्याला आता भोकंही पडली होती. पाठीवर पोत्याएवढ्या बॅगा आणि पायात झिजलेले बूट अशा थाटात प्रितम, अल्पेश आणि कल्पिता भर उन्हात सहारपासून मरोळ नाक्यापर्यंत चालत आले आणि तिथून वर्सोव्याच्या मेट्रोत चढले. आजूबाजूच्या लोकांनी जरा सरकून घेतलं. शेवटची अंघोळ कुठल्या गावात झाली यावर तिघांचं एकमत नव्हतं.

"तिबिलिसी," अल्पेश म्हणाला.

"तिथे तू फक्त मोजे धुतलेस," कल्पिता म्हणाली. "मी साक्षीदार आहे."

तिघंही वर्सोव्याच्या, म्हणजे जुन्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, एका गल्लीत वाढलेली, एका शाळेत मार खाल्लेली. निघाली तेव्हा घरी सांगितलं होतं, सहा महिने. मग एक देश दुसऱ्याला लागून निघाला, तिसऱ्याचा व्हिसा फुकट मिळाला, आणि वर्ष कधी उलटलं ते कळलंही नाही. हॉटेलचं नाव काढायचं नाही असा नियम होता. प्रवास रात्रीच्या बसने करायचा, म्हणजे खाटेचा खर्च वाचतो; खाट घ्यायचीच तर त्या बदल्यात तिथली भांडी घासायची, चादरी बदलायच्या. पाव आणि केळी यांच्याइतकं स्वस्त जेवण पृथ्वीवर नाही, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर सिद्ध केलं होतं. आणि हे सगळे हाल फोनवर टिपून लोकांना दाखवायचे. बघणारे बरेच होते. दुसऱ्याचे हाल बघायला माणसाला आवडतंच.

आता शेवटचा व्हिडिओ उरला होता. घरी न सांगता जाऊन उभं राहायचं. पुढच्या महिन्यात येतो असं सगळ्यांना कळवून ठेवलेलं होतं. सुरुवात प्रितमच्या घरापासून, कारण त्याची आई सगळ्यांत चांगली रडेल असा अल्पेशचा अंदाज होता.

गल्लीच्या तोंडाशी प्रितमचे पाय मात्र अडखळले. त्याच्या घरात एक रीत होती. शेजारीपाजारी कुणाकडे नव्हती, त्याच्याच घरात. माणूस समुद्रावर किंवा परगावी गेला की दुपारच्या जेवणाला त्याचं ताट त्याच्या जागेवर वाढायचं आणि तो समोर बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायचं. संध्याकाळी ते अन्न मांजरांना घालायचं. परत येणाऱ्याने तडक घरात शिरायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबून "आयलो गो, ताट उचला" अशी हाक द्यायची, आतून उत्तर आलं की मगच उंबरा ओलांडायचा. एकदा त्याचे वडील, हरेश्वर, तापाने फणफणलेले असताना इथे भिंतीला धरून उभे राहिले होते, आतल्यांना हाक ऐकू जाईपर्यंत. असं का करायचं ते कुणी सांगितलं नाही आणि प्रितमनेही विचारलं नाही. बँकॉकच्या एका हॉस्टेलात त्याने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली होती आणि सगळे पोट धरून हसले होते.

"हाक मारलीस तर सरप्राइज कसलं, येड्या?" अल्पेश म्हणाला. कल्पिताने फोन वर धरला.

प्रितमने हाक मारली नाही.

२

दार उघडंच होतं. उन्हातून आत आल्यावर क्षणभर काही दिसेना, पण आईचं बोलणं ऐकू येत होतं. बाजारातल्या कुणाची तरी नक्कल चालली होती. मासळी विकायला बसली की आईचा, कृष्णाबाईचा, आवाज रस्त्यापलीकडे जायचा. घरात अशी हळू, लाडात बोलताना प्रितमने तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मग ती हसली. कुणी काही बोलल्यावर हसावं तशी.

"सरप्राइज!" प्रितम ओरडला.

हसणं तुटलं. डोळे सरावले तशी फरशीवरची ताटं दिसली. एक आईचं, एक धाकट्या बहिणीचं, भाविकाचं. एक बाबांचं, ते बोटीवर गेलेले असणार, कारण त्या ताटाला कुणी शिवलेलं नव्हतं, भाताचा ढीग जसाच्या तसा होता. आणि एक खिडकीखाली, प्रितमच्या जागेवर. तिथे कुणी नव्हतं. आईने आधी त्या जागेकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. वर्षभर परक्यांच्या खाटांवर पडून त्याने या क्षणीचा आईचा चेहरा मनात रंगवला होता. त्या चेहऱ्यावर भीती असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि भीतीच्या मागोमाग राग आला.

"कुनाला इचारून आत आयलास?"

"आई, अगं, मी..."

"भायेर हो! भायेर जा, हाक दे, मंग ये. आन ती पोरगी फोन खाली ठेवते का मी फोडू?"

प्रितम हसला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मागे सरकताना त्याची नजर आपल्या ताटावर गेली. भाताच्या ढिगाला एका बाजूने खिंडार पडलं होतं. आमटी कालवलेली होती, बोटांचे माग अजून ओले होते. बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावून ठेवले होते. काटे असे ओळीत लावायची खोड घरात एकट्या प्रितमला होती आणि तिच्यापायी त्याने लहानपणी भरपूर बोलणी खाल्ली होती.

बाहेर जाऊन त्याने हाक दिली. त्याला स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला. उत्तर यायला बराच वेळ लागला, आणि आलं तेही भाविकाचं. आत येऊन बघतो तर त्याचं ताट जागेवरच होतं. त्यात एक शीत उरलेलं नव्हतं.

"उशीर झाला," आई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"मांजर असेल," अल्पेश दारातूनच म्हणाला.

मांजर भात खाऊन काटे ओळीत लावत नाही, हे कोळ्याच्या पोराला कुणी सांगायला नको होतं. तरीही प्रितमने मान डोलावली. भाविका ताट उचलायला वाकली, तिने पदरासारखी ओढणी हाताला गुंडाळली आणि मगच त्याला हात लावला.

३

त्यानंतर घरात त्याचं जे काही चाललं त्याला पाहुणचार म्हणायचं की शिक्षा, हे त्याला ठरवता येईना. आई त्याला चहा द्यायची तो पाहुण्यांच्या कपबशीतून. जेवायला वाढायची ते सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभं राहून खायला. दुपारच्या पंगतीला खिडकीखालचं ताट आधीसारखंच लागत होतं, आणि त्या वेळी आई काहीतरी काम काढून प्रितमला बाहेर पाठवायची. बर्फ आण, साबणाची पावडर आण, मालनमावशीकडून सुरी आण.

या मालनमावशीने प्रितमला तान्हा असल्यापासून खेळवलं होतं. पहिल्याच दिवशी सुरी मागायला गेला तर ती बोंबील सुकत घालता घालता त्याच्यावर खेकसली.

"काल माझी टोपली उचलून दिलीस तवा गोड बोललास. आन आज असा का बगतंस, वळख नसल्यावानी?"

काल प्रितम विमानात होता. अल्पेश असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण अल्पेशही विमानातच होता, त्याच्या शेजारी, तोंड उघडं टाकून घोरत.

झोपायला त्याला माळ्यावरची जुनी खोली दिली होती. तिथे दोरीवर त्याचे कपडे वाळत होते. जाताना मागे सोडलेले जुने शर्ट, निळी अर्धी चड्डी. त्यांना ताज्या साबणाचा वास होता आणि काखेपाशी घामाचे डाग होते. बाबा वापरत असतील म्हणावं तर बाबांच्या दंडात ते शर्ट चढलेच नसते. कोनाड्यातला त्याचा दात घासायचा ब्रश ओला होता.

हरेश्वर बोटीवरून आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी हाक दिली, ताट उचललं गेलं, ते आत आले, पाय धुतले. प्रितम पुढे होऊन वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. वर्षभराने भेटलेल्या मुलाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला विचारलं, "हा कवा जानार?"

प्रितमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला रागही आला आणि त्या रागाने त्याला एक छान, पटण्यासारखं उत्तर शोधून दिलं. हे सगळं नाटक होतं. सहा महिन्यांचं सांगून वर्ष लावलं, त्याची अद्दल घडवायला घरच्यांनी गल्लीला हाताशी धरलं होतं. आई हट्टी होतीच. कपडे मुद्दाम धुऊन टांगायचे, ब्रश भिजवायचा, मालनमावशीला पढवून ठेवायचं; तिला काय अवघड होतं? दोन दिवस गाल फुगवतील आणि तिसऱ्या दिवशी कवटाळतील. तो शिट्टी वाजवत खाली उतरला. शिट्टी ऐकून आई दचकली आणि तिने वर माळ्याकडे पाहिलं. तो तर तिच्यासमोर उभा होता.

४

स्टेशनांवर झोपायची सवय झाली की माणूस एक करतो. बॅगेचा पट्टा पायाला बांधून झोपतो. कुणी हात घातला तर जाग येते. प्रितमला आता पट्ट्याशिवाय झोपच लागत नसे. त्या दुपारी आईने सांगितलेली कामं आटोपून तो माळ्यावर आला, उगाचच पट्टा घोट्याला बांधला आणि आडवा झाला. खाली भांड्यांचे आवाज येत होते. बंदरावर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडत होतं.

जाग आली तेव्हा घोट्याला काही नव्हतं. बॅगही नव्हती.

ती खाली दारात सापडली, उंबऱ्याबाहेर. तिचं तोंड गल्लीकडे होतं आणि पाठीवर घ्यायचे पट्टे वर काढून ठेवलेले होते, म्हणजे उचलणाऱ्याला सोपं जावं. त्याने विस्कटून टाकलेले सगळे कपडे आत भरले गेले होते.

"हे कुणी केलं?" तो ओरडला. बाबा दारात जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही. आई बाजारात गेली होती. भाविका क्लासला.

त्याने चेन उघडली आणि तो तिथेच खाली बसला. कपडे घडी घातलेले नव्हते. गुंडाळ्या करून उभे लावले होते, जड तळाला, हलके वर. जादा बुटांच्या आत मोजे कोंबले होते आणि डाव्या मोज्यात साबणाची वडी. ही पद्धत त्याला हनोईत एका जर्मन पोराने शिकवली होती. साबणाची भर मात्र त्याची स्वतःची, अल्पेशलाही माहीत नसलेली. घरातल्या कुणी त्याला बॅग भरताना कधीच पाहिलं नव्हतं.

नाटकाचं उत्तर तिथे अडलं. त्याने ते धक्के मारमारून पुढे न्यायचा प्रयत्न केला. झोपेत आपणच भरली असेल, असंही त्याने म्हणून पाहिलं. प्रवासाचा शीण, दिवसरात्रीचा गोंधळ, माणूस झोपेत काय वाटेल ते करतो. पण मग पट्टा सोडलेल्या घोट्यावर बोटांचे लाल ठसे होते, आणि त्याने स्वतःचा हात त्यावर ठेवला तेव्हा ते त्याच्याच हाताच्या मापाचे निघाले.

"बाबा," तो म्हणाला, "वर कोण आहे?"

हरेश्वरांनी दाताने दोरा तोडला. "बॅग भरलेली हाय ना? मंग घे आन निघ," ते म्हणाले. आवाजात राग होता, पण त्यांना सुईत दोरा ओवता ओवेना.

५

कल्पिता त्याला बंदराजवळ भेटली. तिच्या घरी तिला पाहून आईने भोकाड पसरलं होतं, बापाने मोठी सुरमई आणली होती. अल्पेशने तर मेट्रोतूनच गुपचूप आईला मेसेज करून टाकला होता, स्वयंपाकाचा खोळंबा नको म्हणून. दोघांचं सगळं झकास चाललं होतं. प्रितमला दोघांचा मनापासून हेवा वाटला.

"तुझ्या घरचा व्हिडिओ मी डिलीट केला," कल्पिता म्हणाली.

"का?"

"उगाच. चांगला नव्हता आला."

"कल्पे, आपण उकिरड्याशेजारी झोपलेलो तेपण तू टाकलंस. खरं सांग."

ती पाण्याकडे बघत राहिली. "काकी आधी तुझ्या जागेकडे बघतात ना, तेव्हा मीपण फोन तिकडे फिरवला होता. जागा रिकामीच आहे. डोळ्यांना दिसली तशीच. पण आवाज आहे रे. तू ओरडायच्या आधी काकी हसतात बघ. त्याच्याआधी कुणीतरी बोलतं आणि त्यावर हसतात त्या."

"भाविका असेल."

"पुरुषाचा आवाज आहे. बांगडा खारट झालाय म्हणतो." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू तेव्हा माझ्यापुढे चालत होतास, प्रितम. तोंड बंद करून."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. बोलिव्हियात बस दरीत जाता जाता राहिली तेव्हा ही पोरगी हसत होती. प्रितमला तिची समजूत घालता येईना.

"माझ्याकडे येऊन राहा," ती म्हणाली. "नाहीतर आपण निघू परत कुठेतरी. अल्प्यापण येईल. पैशांचं बघू काहीतरी."

"मला माझ्या घरी राहायचंय," प्रितम म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जोरात निघालं. जाळी झटकणाऱ्या दोन बायांनी वळून पाहिलं. कंटाळा आला होता त्याला परक्या छपरांचा. गेले कित्येक महिने रोज नवी खाट, नवी कुलपं, नवी माणसं, आणि त्यातून तो तगला तो एका जागेच्या भरवशावर. खिडकीखालची चार फरशांची जागा. ती गेली तर जगात त्याचं असं काय होतं?

६

भाविकाला त्याने क्लास सुटल्यावर रस्त्यात गाठलं. घरात ती बोलली नसती.

"पहिले महिने ताट भरलेलंच राहायचं," ती भराभर सांगायला लागली, जणू कधीपासून कुणी विचारायची वाट बघत होती. "आई तुझ्याशी बोलायची आणि मग तिथेच बसून रडायची. बाजारात जाणं सोडलं, केस विंचरणं सोडलं. तुझा फोन यायचा, तू म्हणायचास अजून एक महिना, अजून एक देश. ती फोनवर हसायची आणि ठेवला की भिंतीवर डोकं आपटायची. तुला कुठे दिसणार ते?"

"तू सांगायचंस ना मला."

"सांगितलं. तू म्हणालास, इमोशनल नको करू यार."

हे तो म्हणाला होता. कुठल्याशा बसच्या रांगेत उभा राहून.

"मग होळीनंतर एक दिवस आई आत पाणी आणायला गेली, परत येऊन बघते तर ताट रिकामं. ती नाचली रे. खरंच नाचली. दुसऱ्या दिवशी तिने जास्त भात लावला." भाविकाने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. "आता ती बरी आहे. जेवते, बाजारात जाते. बाबा आधी घाबरले. मग आई बरी झाली बघून गप्प बसले. बंदरावर जाळी ओढायलापण येतो तो, बाबा सांगतात. गल्लीतल्यांना वाटतं तूच आलास मधे कधीतरी."

"तो म्हणजे कोण, भाविका?"

"मी बघत नाही. जेवताना मी माझ्या ताटात बघते. बोलला तर हं म्हणते." ती थांबली. "तुझा फोन आला की तो माळ्यावर जाऊन बसायचा. आईला ते आवडायचं नाही. म्हणून तिने फोन उचलणं सोडलं."

प्रितमला आठवलं. शेवटचे काही महिने भाविकाच बोलायची. आई कामात आहे, आई झोपलीय. आणि त्याला बरंच वाटायचं, कारण आईशी बोललं की अपराधी वाटायचं.

"दादा, तू हाक मारायला पाहिजे होतीस," भाविका म्हणाली. "त्याला उठवता आलं असतं तेव्हा कदाचित. आता तू आल्याचं बघितलंय त्याने."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने त्याला लिंबं आणायला सांगितली तेव्हा तो गेला नाही. ताटं मांडायच्या आधीच खिडकीखाली जाऊन बसला, मांडी घालून, पाठ भिंतीला लावून. फरशी गार होती. बसल्यावर लक्षात आलं की पाठीमागची भिंत मात्र ऊबदार होती, कुणी इतका वेळ टेकून बसलेलं असावं तशी.

आईने बाबांचं ताट ठेवलं, भाविकाचं ठेवलं, स्वतःचं ठेवलं. चौथं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊठ."

"माझी जागा आहे ही."

"व्हती."

"आई, मी चुकलो." आपण भांडू असं त्याला वाटलं होतं, पण तोंडातून हेच निघालं. "हाक न देता आलो ते चुकलं. तुला रडवलं ते चुकलं. मार मला हवं तर. पण हे नको करूस. मला बघ तरी नीट. मी आहे."

कृष्णाबाईने ताट ओट्यावर ठेवलं. ती त्याच्यासमोर बसली आणि तो आल्यापासून पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला हळदीचा आणि मासळीचा वास होता. त्याचे डोळे मिटले. सुटलो, असं त्याला वाटलं.

"मना ठाव हाय तू कोन ते," ती म्हणाली. "पोटच्या पोराला वळखनार नाय मी?"

"मग?"

"तू परत जाशील."

"नाही जाणार. तुझी शपथ."

"मागं पन बोललास. सा महिने बोललास, मंग एक म्हयना, मंग अजून एक. मी मरायला टेकले व्हते रं." तिच्या आवाजात राग उरला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तो येऊन बसला. ज्येवला. मी बोलते ते ऐकतो. कुठं जात नाय."

"तो मी नाही, आई!"

"ठाव हाय."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. त्याने बाबांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. भाविकाने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"दोघं एका घरात नाय र्‍हायचं," आई म्हणाली. "तोच बोलला. मी हाता-पाया पडून तुला चार दिस मागून घेतलं. आता जा, बाळा. तो खालती यायच्या आत जा."

माळ्यावर लाकडी फळी करकरली. मग जिन्याची वरची पायरी. उतरणाऱ्याला घाई नव्हती. जिना भिंतीआडून वळून खाली येतो, त्यामुळे आधी पायच दिसतात. पाय दिसले. निळ्या अर्ध्या चड्डीखालचे, सावळे, प्रितमचे. नेपाळात डोंगर चढताना त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं, ते परत धड आलंच नाही. या पायाचं नख शाबूत होतं. कधीच कुठे न गेलेला पाय होता तो. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि अंगठा दोनदा फरशीवर आपटला, चिडून, जागा अडवून बसलेल्यावर वैतागल्यासारखा. आणि हरेश्वर, मान खाली घालूनच, येणाऱ्याला वाट द्यायला थोडे बाजूला सरकले.

बापाचं ते सरकणं प्रितमने पाहिलं. वर पाहायचं धाडस त्याला झालं नाही. तो उठला. बॅग दारातच होती, पट्टे वर काढलेले. कुणी त्याला हात लावला नाही, तरी मागून कुणी ढकलत असल्यासारखा तो बाहेर पडला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत थांबला नाही.

तिथे तो भिंतीला धरून उभा राहिला. डोक्यावर ऊन होतं. घरातून आईची हाक आली, स्पष्ट, लाडात.

"प्रितम, ये रं! ज्येवन थंड व्हतंय!"

तो वळला, त्याने तोंड उघडलं.

"आलो गं," त्याचाच आवाज म्हणाला, घरातून. आई हसली. ताटं सरकल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी आतून दार लोटून घेतलं.

प्रितम किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. पाठीवर बॅग, पायात झिजलेले बूट, वाढलेली दाढी. मालनमावशी बोंबलांची टोपली कमरेवर घेऊन आली. वाट अडवून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे तिने नाराजीने पाहिलं.

"किसको मंगता है?" तिने विचारलं.

"मावशी, मी. मी प्रितम."

मालनमावशीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिने टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली आणि एक पाऊल मागे सरकली.

"प्रितम घर में खाना खाता है," ती म्हणाली. "तुमको क्या काम है, मेरेको बोलो."